आचारसंहिता संपेपर्यंत

मे महिन्यातला मंगळवार होता. हेमावती स्वयंपाकघरात डबा भरत होती आणि बाहेर तिचे वडील गुरप्पा आपली लोखंडी खुर्ची ओढत दारापाशी नेत होते. खुर्ची नेहमी दाराच्या उजव्या अंगालाच मांडायची. डावीकडे बसलं तर आत येणारा माणूस दाराआड जातो आणि त्याचे हात दिसत नाहीत, हे त्यांनी बँकेच्या दारात चोवीस वर्षं बसून शिकलेलं होतं. अंगात इस्त्रीचा खाकी सदरा, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला हातभर लांब लोखंडी साखळी. या साखळीचं दुसरं टोक पूर्वी रायफलीला अडकवलेलं असायचं. आता ते टोक त्यांनी मुठीत धरलं होतं आणि मांडीवर काळी छत्री आडवी ठेवली होती.

जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीला हे दृश्य सवयीचं झालं होतं. जाणारा-येणारा विचारायचा, “काय गुरप्पा, ड्यूटी चालू का?” ते म्हणायचे, “चालू की,” आणि विचारणाऱ्याच्या हातांकडे बघायचे. समोरच्या घरात लालबी शिलाई मशीनवर बसलेली असायची. हेमावती कॉलेजच्या ग्रंथालयात गेली की संध्याकाळपर्यंत गुरप्पांवर लक्ष ठेवायचं काम लालबीचं. ते ती टाके घालता घालता, मान वर करून, बरोबर करायची.

हेमावती चपला घालत होती तेव्हा त्यांनी रोजचा प्रश्न विचारला.

“संपलं का गं इलेक्शन?”

“लोकसभेचं झालं, विधानसभेचं झालं. महापालिकेचं राहिलंय अप्पा.”

“लई लांबवलं की ह्या बारीला. उभं ऱ्हाणारं म्हातारं हून मरतील, मग मतं घेतील काय?”

ती हसली. अप्पांचं डोकं अशा ठिकाणी लख्ख चालायचं, आणि म्हणूनच सगळं अवघड होतं.

“आजून किती दिस?”

ग्रंथालयात पुस्तकांची पडताळणी चालू होती आणि तिला उशीर झाला होता. वर्षभर तिनं या प्रश्नाला नीट, खऱ्याच्या जवळ जाणारं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ती कंटाळली होती.

“होईल आता एक-दोन दिवसांत,” ती म्हणाली.

“म्हंजे बंदूक मिळंल.”

“मिळेल की.”

त्यांनी मान हलवली आणि छत्री मांडीवर सारखी केली. संध्याकाळी ती परत आली, तोवर सावली फाटकापर्यंत लांबली होती. दोघांनी कडक भाकरी कुस्करून शेंगाचटणीबरोबर खाल्ली. उद्याचा सदरा इस्त्री करून ठेव म्हणाले, तो तिनं करून ठेवला. त्या दिवशी एवढंच घडलं.

गुरप्पा मूळचे मंद्रूपचे. त्यांच्या लहानपणी गावात चार-दोन बंदुका होत्या. कुणाची रानडुकरं हाकलायला, कुणाची आजोबांची म्हणून, एकाची तर नुसती दसऱ्याला बाहेर काढून हळद-कुंकू लावायला. गुरप्पांनी मात्र घेतली ती नोकरीसाठी. त्या काळी सोलापुरातल्या एका सहकारी बँकेला दारावर माणूस हवा होता, आणि स्वतःचं परवान्याचं हत्यार असेल तर पहिली पसंती, असं बँकेनं सांगितलं होतं. गुरप्पांनी दोन म्हशी विकल्या आणि तीनशे पंधरा बोअरची रायफल घेतली. परवान्याच्या अर्जात ‘शस्त्र बाळगण्याचे कारण’ असा रकाना होता. तिथं त्यांनी ‘नोकरी’ असं लिहिलं. म्हशी गेल्या म्हणून अव्वा, हेमावतीची आई, महिनाभर बोलली नव्हती, ही गोष्ट घरात पुढं विनोदानं सांगितली जायची.

चोवीस वर्षांत त्यांनी एकदाही गोळी उडवली नाही. उडवायची वेळ आली म्हणजे गार्ड नापास, असं ते म्हणायचे. दर रविवारी चटईवर रायफल खोलून तेल द्यायचे. बोल्ट, गोळी नळीत चढवणारा तो खटका, मागे ओढल्याचा आणि पुढे ढकलल्याचा आवाज हेमावतीच्या लहानपणात स्टोव्हच्या आवाजासारखा मिसळलेला होता. ती शेजारी बसून गोष्टीची पुस्तकं वाचायची आणि अप्पा मधूनच तिला कामातल्या खुब्या सांगायचे. माणसाच्या तोंडाकडं बघू नये, हाताकडं बघावं. ज्याचं तोंड झाकलेलं असेल त्याला दारातच थांबवावं. आणि ज्याचा हात पाठीमागं जाईल, त्याच्यावरून नजर हलवू नये.

निवृत्तीनंतर परवान्याचं नूतनीकरण करायला गेले, तेव्हा टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, नोकरी तर संपली, आता कारण काय लिहू? गुरप्पा कमरेची साखळी चाळवत राहिले. शेवटी कारकुनानंच ‘आत्मसंरक्षण’ लिहून टाकलं. घरी आल्यावर त्यांनी हेमावतीला त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि ऐकून खूप हसले. मला कोण काय करतंय, म्हणाले. खरं कारण त्या रकान्यात मावणारं नव्हतं. रायफल नसलेले गुरप्पा कसे असतात हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

मग अव्वा गेली. नंदीश, हेमावतीचा धाकटा भाऊ, पुण्यात स्थिरावला. आणि गुरप्पा विसरायला लागले. आधी शब्द, मग वार, मग अव्वा गेली आहे हे. नंदीशला हे खरं वाटायचं नाही. फोनवर अप्पा चार वाक्यं झकास बोलायचे, नातवाचं नाव घेऊन विचारायचे. अक्का, तू उगीच काळजी करतेस, असं तो म्हणायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गॅसपाशी जाऊ देऊ नका, बाहेर एकटं सोडू नका. हेमावतीनं गॅसच्या नळीला कुलूप करून घेतलं. रायफलीचं तिच्या मनातही आलं नाही. अंगवळणी पडलेली वस्तू डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ती कपाटात होती, कपाटाची किल्ली अप्पांच्या कमरेच्या साखळीला होती, आणि हे असं ती जन्मल्यापासून होतं.

मागल्या वर्षीच्या मार्चमध्ये एके दिवशी कॉलेज लवकर सुटलं. दुपारचे अडीच वाजले होते. सोलापुरात त्या वेळी गाडीवर बाहेर पडणारी प्रत्येक बाई करते तेच हेमावतीनंही केलं होतं. ओढणी डोक्यावरून, तोंडावरून घट्ट गुंडाळून गाठ मागे मारलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. समोर लालबीचं दार उन्हामुळे लोटलेलं होतं. स्कूटर लावून तिनं फाटकाची कडी काढली, दोन पावलं आत टाकली, आणि दारातल्या खुर्चीवरून अप्पा उठून उभे राहिले. हातात रायफल होती.

“यारू?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. कोण?

ते गंमत करताहेत असं तिला वाटलं. तिनं अजून एक पाऊल टाकलं.

“मॅडम, तितंच थांबा. तोंडाचं फडकं काढा.”

रायफल वर आली. तिचं तोंड हेमावतीनं आयुष्यात कधी समोरून पाहिलेलं नव्हतं. करंगळीही जाणार नाही एवढं ते भोक होतं. आवाज अप्पांचा होता, पण असा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. शांत, अदबीचा, परक्या बाईशी बोलायचा. बँकेच्या दारातला.

“अप्पा, मी हेमा.”

“नाव मागनं सांगा. आदी तोंड दावा.”

तिनं चष्मा काढला. ओढणीला हात लावला आणि तिथंच थांबली. गाठ मानेच्या मागे होती. सोडायची तर हात पाठीमागं न्यायला हवा होता, आणि हात पाठीमागं गेला की गार्ड काय करतो हे तिला त्यांनीच शिकवलेलं होतं. ऊन डोक्यावर होतं आणि तिला थंडी वाजत होती. मागच्या रस्त्यानं भंगारवाल्याची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. गाडी लांब जाईपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग अप्पांनी बोल्ट मागे ओढला आणि पुढे ढकलला. रविवारचा तो आवाज, मार्चच्या दुपारी.

“गाठ मागे आहे,” ती म्हणाली. आपला आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा तिला ऐकू आला. “मी हात मागे नेतेय. सोडायला.”

त्यांनी विचार केला. “एकच हात. दुसरा वर करा.”

घामानं आवळलेली गाठ एका हातानं सुटेना. तिनं ओढणी पुढून धरली आणि हनुवटीखाली ओढत राहिली. शेवटी ती सरकून गळ्यात आली. चेहरा उघडा झाला. आणि पुढं जे झालं ते हेमावतीनं कुणालाही, कधीही सांगितलं नाही. तिचा उघडा चेहरा त्यांच्यासमोर होता, लख्ख उन्हात, चार हातांवर, आणि ते तो बघत होते, आणि ती कुणी नव्हती. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. नळी तिच्या छातीवर होती आणि अप्पांच्या डोळ्यांत ओळख म्हणून काही नव्हतं.

मग त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“हेमा? एवढ्या उनाचं आलीस व्हय गं? जा, पाणी पी जा.”

ते खुर्चीत बसले. रायफल मांडीवर आडवी ठेवली. ती आत जाऊन माठातलं पाणी प्याली, कारण त्यांनी प्यायला सांगितलं होतं. मग तिथंच फरशीवर बसून राहिली. रायफलीत गोळी होती की नव्हती हे बघायला ती गेली नाही. तिचं धाडस झालं नाही.

पुढचे अकरा दिवस तिनं कसे काढले हे तिचं तिलाच ठाऊक. पोलिसांना सांगितलं तर ते अप्पांना घेऊन जातील, ही एक भीती. नाही सांगितलं तर, ही दुसरी. लालबीला सांगितलं असतं तर त्या बाईनं समोर बसणंच सोडलं असतं, आणि तिला बोलही लावता आला नसता. किल्ली काढून घ्यायची तर ती त्यांच्या कमरेला होती, आणि त्या कमरेकडे हात न्यायची कल्पनाही तिला करवेना. ती गल्लीच्या तोंडाशीच ओढणी सोडून उघड्या तोंडानं उन्हातून यायला लागली. फाटकाबाहेर उभी राहून हाक मारायची, “अप्पा, मी हेमा. तोंड उघडं आहे.” आतून “ये की” आलं की मगच कडी काढायची. लालबीनं एकदा विचारलं, हे काय नवीन, हेमाबाय? ती म्हणाली, अप्पांना बरं वाटतं.

अकराव्या दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांनी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत न्यायची. गुरप्पांना हे तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीला त्यांनी हे शिस्तीनं केलं होतं. हेमावतीनं पेपरातली बातमी वाचून दाखवली तेव्हा ते लगेच उठले आणि रायफल खोळीत घालून रिक्षात बसले. शेजारी बसलेल्या हेमावतीनं नळी कुठल्या बाजूला आहे यावरून ठाण्यापर्यंत नजर काढली नाही.

तिथं हवालदार धुळाप्पा होते. दोघांची जुनी ओळख. गुरप्पा म्हणाले, रिकामीच हाय, बघायचं काय त्यात. धुळाप्पांनी तरी रीतीप्रमाणे नळी भिंतीकडे करून बोल्ट ओढला. पितळी गोळी उसळून बाहेर आली, टेबलावरून गडगडत गेली आणि हेमावतीच्या पायापाशी पडली.

गुरप्पा त्या गोळीकडे, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात सापडावी तसे बघत होते. धुळाप्पांनी हेमावतीकडे पाहिलं. तिनं गोळी उचलून टेबलावर ठेवली. ती तिच्या तळहातापेक्षा गार होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. डॉक्टरांचा कागद जोडून तिनं अर्ज दिला. वडिलांची मनःस्थिती पाहता निवडणुकीनंतर शस्त्र परत देऊ नये, परवाना रद्द करण्याची कार्यवाही व्हावी. चार ओळींचा अर्ज तिनं तीनदा लिहिला. कारण म्हणून फक्त ‘विस्मरणाचा आजार’ एवढंच लिहिलं. धुळाप्पांनी वाचला, घडी घातली. “ताई, तुमी बरोबर केलं,” ते म्हणाले. “त्यांना सांगितलं काय?” ती म्हणाली, सांगेन. पुढं परवाना स्थगित केल्याची नोटीस गुरप्पांच्या नावे घरी आली. ती तिनंच सही करून घेतली आणि स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटात, एका जाड शब्दकोशात ठेवली.

निकाल लागला. गुलाल उधळला गेला, फटाके वाजले. गुरप्पा म्हणाले, चल, बंदूक आणू. आणि तेव्हा तिच्या तोंडून सहज गेलं, “अजून विधानसभेचं आहे ना अप्पा.”

एवढं सोपं होतं ते. शरदात विधानसभाही झाली. मग तिनं महापालिका पुढं केली, आणि महापालिकेनं तिला साथ दिली, कारण ती निवडणूक खरोखरच होत नव्हती. रोज सकाळी प्रश्न, रोज सकाळी उत्तर. मधून ती स्वतःला सांगायची की हे खोटं नाही. रायफल घरात नव्हती, पण भीती काही ठाण्यात जमा झाली नव्हती. छत्री मांडीवर आडवी असायची आणि फाटकातून आत येताना तिचं पाऊल तेवढ्याच जागी अडायचं. ती ओढणी गल्लीच्या तोंडाशीच सोडायची. अप्पांच्या ताटात वाढताना, त्यांची नखं कापताना, ते तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले की तिला वाटायचं, आता परत मी कुणी नाही. मग ते म्हणायचे, मगळे, पोरी, मीठ दे. आणि तिला स्वतःची लाज वाटायची.

मेमधल्या त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पारा त्रेचाळीसच्या वर होता. बारा-सव्वाबाराला लालबी मागच्या अंगाला कपडे वाळत घालायला गेली. ती पाच मिनिटांत परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. आत झोपले असतील असं तिला वाटलं. एक वाजता तिनं हाक मारली, मग घरात जाऊन बघितलं, मग फोन केला. “हेमाबाय, चाचा घरात नाहीत. वही बी नाही, ती प्लास्टिकातली.”

प्लास्टिकच्या पिशवीत परवान्याची वही असायची. हेमावतीला त्याच क्षणी कळलं ते कुठं निघालेत आणि का.

ती आधी ठाण्यात गेली. ते तिथं पोचले नव्हते. धुळाप्पांनी एक शिपाई बरोबर दिला. घरापासून ठाण्यापर्यंतचा रस्ता त्यांनी दोनदा पालथा घातला, हॉटेलं, झाडाखालचे बाकडे, बसथांबा. ती ज्याला त्याला विचारत होती, खाकी सदरा, कमरेला साखळी, म्हातारे गृहस्थ. तिसऱ्या फेरीला शिपायानं स्कूटर थांबवायला सांगितली.

ठाण्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर, दोन दुकानांच्या आडोशाला जरा आत, एक एटीएम होतं. त्याच्या पायरीवर, दाराच्या उजव्या अंगाला, गुरप्पा बसलेले होते. पाठ भिंतीला ताठ टेकलेली, छत्री मांडीवर आडवी, साखळीचं टोक मुठीत. हेमावतीच्या देखत एक पोरगी दार ढकलून आत गेली, पैसे काढून बाहेर आली आणि त्यांच्या पायाला धक्का लागू नये म्हणून जरा वळून पायरी उतरली. समोरच्या रसवंतीवाल्यानं नंतर सांगितलं, तासभर तरी झाला असेल, आम्हाला वाटलं बँकेनं नवा गार्ड ठेवला.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. घाईत तिच्या तोंडावरची ओढणी तशीच होती. त्यांच्या उघड्या डोळ्यांनी तिला थांबवलं नाही.

त्यांच्या समाजात मृताला बसवून पुरतात. खड्ड्यात कोनाडा करून त्यात बसवतात. तिनं ते आधीही पाहिलं होतं, अव्वाच्या वेळी. या वेळी ती दुसरीकडे बघत राहिली.

कार्य झाल्यावर नंदीशनं ठाण्यात जायचं काढलं. वारस म्हणून दोघांचे जबाब हवे होते, मृत्यूचा दाखला द्यायचा होता. रायफल वारसाहक्कानं आपल्या नावावर करून घ्यायची असं त्यानं ठरवलं होतं. अप्पांची आठवण म्हणून. पुण्याच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर जागाही त्याच्या मनात होती. हेमावतीनं नको म्हटलं, तेव्हा त्यानं का विचारलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. आठ दिवस तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. निकाल लागून वर्ष झालं, बंदूक परत का मिळाली नाही? अप्पांना त्या उन्हात जावं का लागलं?

स्कूटर तिनं चालवली, नंदीश मागे बसला. ठाण्याच्या फाटकाबाहेरच ती थांबली आणि ओढणी सोडली. आत कधी जायचं, असं तो म्हणाला. तिनं घडी घालून ओढणी पिशवीत ठेवली.

धुळाप्पांनी रायफल आतून आणून टेबलावर ठेवली. दस्त्याला सुतळीनं कागदी चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर गुरप्पांचं नाव आणि मागल्या वर्षीची तारीख. नळी भिंतीकडे होती. तरी हेमावती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकून उभी राहिली.

नंदीशनं दस्त्यावरून हात फिरवला. मग बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण फाटलेला होता.

“वर्ष झालं, हवालदार. त्यांनी चोवीस वर्षं बँक राखली, कुणाला बोट लावलं नाही. दर निवडणुकीला स्वतः आणून द्यायचे. असा माणूस रोज विचारत होता, बंदूक कधी मिळणार. तुमच्या दारात यायला निघाला आणि दोनशे पावलांवर बसल्या जागी गेला. कुणी अडवून ठेवली ही? मला नाव पाहिजे. मी वर तक्रार करणार आहे.”

धुळाप्पांच्या हाताखाली एक फाइल होती. त्यांनी ती उघडली नाही. फाइलीतून एका कागदाचा कोपरा बाहेर आला होता. हेमावतीनं आपलं अक्षर ओळखलं. धुळाप्पांनीही तिची नजर पाहिली आणि पंजा थोडा सरकवून तो कोपरा झाकला.

“साहेब, आमच्याकडनं ऱ्हायलं असंल,” ते म्हणाले. “इलेक्शनवर इलेक्शन. कामाच्या गडबडीत हुतं असं. माझी सही हाय जमा रजिस्टरला. माझं नाव घाला.”

नंदीशनं खिशातून पेन काढलं. तो खरंच नाव लिहून घेत होता. धु, ळा.

तिनं काही बोलायची गरज नव्हती. त्या पंजाखाली कागद होता आणि पंजा हलणार नव्हता. नंदीश तक्रार करील, धुळाप्पांच्या नावे कागद फिरतील, आणि रायफल पुण्याला जाऊन भिंतीवर लागेल. तिच्याखाली नंदीशचा मुलगा अभ्यासाला बसेल. कुणालाही, कधीही कळणार नाही. तिनं टेबलाची कड धरली. समोर बोल्ट होता, अप्पांच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेला.

“नंदीश, ते लिहू नकोस.”

त्यानं वर पाहिलं.

“यांनी अडवली नाही. निवडणूक कधीच संपली होती. मी अप्पांना रोज सांगायचे, संपली नाही. परत देऊ नका असा अर्ज मी दिला होता. तो त्या फाइलीत आहे.”

“अक्का, काय बोलतेस? का?”

“मी दारात उभी होते. तोंडाला ओढणी होती. त्यांनी बंदूक माझ्यावर धरली. मी ओढणी काढली, तरी त्यांनी मला ओळखलं नाही.” तिचा आवाज फुटला नाही. तिला वाटलं होतं फुटेल. “आत गोळी होती. ती यांनी काढली.”

धुळाप्पांनी पंजा फाइलीवरून उचलला. नंदीश रायफलीकडे बघत होता. दस्त्यावरचा त्याचा हात कधी निघाला ते त्यालाही कळलं नव्हतं.

हेमावती मात्र नंदीशकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे, दाराच्या उजव्या अंगाला, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं तिथं बघत होती. वर्षभर रोज सकाळी चपला घालताना जे ओठांपर्यंत येऊन मागे जायचं, ते तिनं आता, दोन माणसांच्या देखत, स्पष्ट म्हटलं.

“अप्पा, मला तुमची भीती वाटत होती.”